काय दिवे काढले!

आमच्या गाडीच्या डाव्या फॉग लाइटमध्ये पाणी साठलंय, हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. ते सोसायटीच्या वॉचमनच्या लक्षात आलं. एका सकाळी मी गाडी काढत होतो, तर तो बंपरच्या डाव्या कोपऱ्यापाशी वाकून उभा राहिला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, मासे कधी सोडताय?"

उतरून बघितलं. काचेमागे निम्म्यापर्यंत पाणी आणि त्यात बल्ब कमरेएवढा बुडालेला, रामकुंडात संकल्प सोडायला उभा राहिल्यासारखा. काचेला केसाएवढी चीर गेलेली. खडीच्या कुठल्या तरी डंपरने उडवलेला दगड आणि मागोमाग आलेला नाशिकचा पावसाळा, दोघांचं हे संयुक्त काम.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या तरुणाने वाकायचेही कष्ट घेतले नाहीत. काउंटरमागूनच म्हणाला, "असेंब्ली बदलावी लागेल."

असेंब्ली म्हटलं की मला विधानसभाच आठवते. एकदा बरखास्त झाली की पुढचा खर्च जनतेच्या खिशातून. इथेही तोच प्रकार. दिवा बाराशेचा, पण दिव्यापर्यंत पोचायला बंपर काढायचा आणि परत घालायचा, त्याचे पंधराशे. म्हणजे देवाला नारळ वीस रुपयांचा आणि गाभाऱ्यात जायला पास शंभराचा. मी त्या एस्टिमेटच्या कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "दिवा मी घरीच काढतो."

"आधी माळा काढ," ती म्हणाली.

दिवाळीला बारा दिवस उरले होते. दिवाळीआधी आमच्याकडे घर काढतात. परदेशी माणसाला हे सांगितलं तर तो घाबरेल. पण आपल्याला ठाऊक असतं, की घर काढायचं म्हणजे घर तिथेच ठेवून त्यातलं सगळं बाहेर काढायचं, पुसायचं आणि त्यातलं काहीही न टाकता परत आत ठेवायचं. मराठीत 'काढणे' हे क्रियापद तसं गरीब दिसतं. पण फोटो काढायचा असो की कर्ज, रांगोळी असो की मोर्चा, झोप असो की काटा, सगळीकडे तेच राबतं. कुणी 'मी जरा अमुक काढतो' म्हणाला की त्यातून पुढे काय काय निघेल याचा भरवसा नसतो. मी 'दिवा काढतो' म्हणालो तेव्हा मलाही नव्हता.

तसं बघितलं तर या दिव्यांवाचून आमचं काही अडलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी गाडी घेताना विकणाऱ्याने टॉप मॉडेल गळ्यात मारलं, ते याच दिव्यांच्या जोरावर. "सर, फॉग लाइट फक्त टॉपमध्ये येतात," हे वाक्य त्याने अशा सुरात म्हटलं, की खालचं मॉडेल घेणारे लोक धुक्यात चाचपडत दरीत जाताहेत असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यानंतरच्या आठ वर्षांत ते दिवे मी जाणूनबुजून लावले ते दोनदा. चुकून अनेकदा. वायपर लावायला गेलो की लागायचे.

पहिल्यांदा लावले ते कसारा घाटात. ऑगस्टमध्ये मी कसारा घाट पाहिला, असं कुणी सांगितलं तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. ऑगस्टमध्ये कसारा घाट दिसत नाही. ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. अशा वेळी नवशिका माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे हेडलाइटचा अप्पर मारला. समोर एकदम पांढरी भिंत उभी राहिली. सरळ समोर निघालेला प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून परत आमच्याच डोळ्यांत. मग ते बटण आठवलं. दाबलं. हे दिवे रस्त्यापासून फूट-सव्वा फुटावर बसवलेले; झोत रुंद आणि चपटा, आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी, जेणेकरून उजेड वर धुक्यात न जाता खाली रस्त्यावरच सांडावा. पुढची दहा-पंधरा पावलं आणि कडेचा पांढरा पट्टा दिसायला लागला. त्या पट्ट्याचं बोट धरून आम्ही इगतपुरी गाठली. दिवे किती कामाचे, हे त्या दिवशी मला पटलं.

दुसऱ्यांदा लावले ते निफाडला. मेहुण्याची तिथे द्राक्षबाग आहे. डिसेंबरातली पहाट, थंडी अशी की दातांनी आपण होऊन ताल धरावा, आणि बागेवर सगळीकडे धुकं. दिवे लावून मी गाडी बांधावरून हळूहळू नेली आणि उतरता उतरता म्हणालो, "वा! काय सुंदर धुकं पडलंय!" मेहुण्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू त्याच्या घरातल्या तापाने फणफणलेल्या पोराचे लाल गाल बघून मी 'काय गोड दिसतंय' म्हणालो होतो. धुकं म्हणजे द्राक्षांवर डाऊनी रोग, डाऊनी म्हणजे फवारणी, फवारणी म्हणजे पैसे. तो पाठीवर पंप अडकवून निघून गेला. हवामानशास्त्राच्या हिशेबात हजार मीटरच्या आतलं दिसेनासं झालं की धुकं. निफाडच्या हिशेबात शेतकऱ्याची झोप उडाली की धुकं.

आणि आता तर कसाऱ्याचंही कारण उरलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. आत शिरायचं, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचं. घाटही नाही आणि धुकंही नाही. थोडक्यात, ज्या दिव्यांसाठी टॉप मॉडेल घेतलं, त्यांचं काम सरकारने डोंगर पोखरून संपवलं. एवढं सगळं कळत असूनही दिवा काढायचं मी ठरवलं. अंगठी वापरत नाही म्हणून ती गटारात पडली तर कुणी सोडून देतं का?

आमच्या घरात हत्यारांची पेटी नाही, हत्यारांचा डबा आहे. कधीकाळी त्यात बिस्किटं होती. आता त्यात एका मुठीचं रबर गेलेली पक्कड, वडिलांच्या वेळचा पोपटपाना, दहा-अकराचा एक पाना, सुकलेली डिंकाची ट्यूब आणि टेस्टर आहे. टेस्टर हे मराठी घरातलं मुख्य हत्यार. त्याने आमच्याकडे विजेखेरीज सगळं तपासलं जातं. रंगाचा डबा उघडणे, मोरीतली जाळी उचकटणे, कॅरमचा स्ट्रायकर कपाटाखालून ओढणे, सगळं टेस्टरनेच. त्यामुळे त्याचं टोक आता इतकं गोल झालंय की त्याने एखाद्याला टोचलं तर गुदगुल्या होतील.

चाकाच्या कमानीला आतून काळ्या प्लास्टिकचं अस्तर असतं. ते बाजूला केलं की आतून हात घालून दिवा निघतो, बंपर काढायची गरज पडत नाही, हे मी फोनवर तीन व्हिडिओ बघून पक्कं केलं होतं. तिन्ही व्हिडिओंत काम चार मिनिटांत होत होतं. तिन्हींतल्या माणसांचे हात सडपातळ होते, हे मात्र मी बघूनही बघितलं नाही.

अस्तराचा पहिला स्क्रू बघितला आणि थांबलो. त्याच्या डोक्यावर खाच नव्हती, अधिकचं चिन्हही नव्हतं. सहा पाकळ्यांचं फूल होतं. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी म्हणालो, "सहा पाकळ्यांच्या फुलाला बसेल असा पेचकस द्या."

"स्टार?"

"हो, स्टार."

त्याने दिलेला घेऊन घरी आलो. बसेना. तो साधा अधिकच्या चिन्हाचा. परत गेलो.

"अहो, हा प्लस आहे."

"आमच्याकडे प्लसलाच स्टार म्हणतात."

"मग स्टारला काय म्हणतात?"

"टॉर्क्स. मघाशीच सांगायचं ना तसं!"

तिथे टी-वीस, टी-पंचवीस, टी-तीस असं कुटुंबच होतं. माझा नंबर कुठला ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे अख्खा संच घ्यावा लागला. तीनशे ऐंशी रुपये. शनिवार असा गेला.

रविवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला. बॉनेट उघडून दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली. विजेचं काम आहे, आधी बॅटरी सोडवावी हे मला शाळेपासून माहीत आहे. आणि आडवा झालो.

पार्किंगमध्ये गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, की मराठी माणसाला पुढे जाता येत नाही. घरात भात लागत असेल, लग्नाचा मुहूर्त टळत असेल, तरी तो थांबतो. पहिले थांबले ते दुसऱ्या मजल्यावरचे काका. पिशवीत दूध होतं.

"काय, बंद पडली?"

"नाही काका. फॉग लाइट काढतोय."

"का? चोरीला जातात म्हणून?"

मी सांगितलं. ते पिशवी खाली ठेवून उकिडवे बसले. मग सेक्रेटरी आले. त्यांनीही विचारलं, "बंद पडली?" मग पेपरवाला. मग कुणाचे तरी पाहुणे, ज्यांचा आमच्या सोसायटीशी दूरचाही संबंध नव्हता. साडेनऊपर्यंत मला चपलांचे सहा जोड दिसत होते आणि मी सहाव्यांदा 'बंद पडली नाही' असं पुठ्ठ्यावरून सांगत होतो.

"चाक डावीकडे फिरवा," काका म्हणाले. "डावा दिवा ना? मग डावीकडे."

तर्क बिनतोड वाटला. मी उठलो आणि स्टीअरिंगला हात घातला. बॅटरी सोडलेली, त्यामुळे पॉवर स्टीअरिंगमधली पॉवर गेलेली आणि उरलं होतं नुसतं स्टीअरिंग. दोन्ही पाय रोवून, दात खाऊन ते डावीकडे नेलं. खाली येऊन बघतो तर टायरची पुढची कड नेमकी बाहेर येऊन माझ्या वाटेत उभी. डाव्या कमानीचा पुढचा भाग मोकळा व्हायला चाक उजवीकडे वळवावं लागतं, म्हणजे टायरचं पुढचं टोक आत जातं. मी परत उठलो. डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत उभ्या गाडीचं स्टीअरिंग ताकदीने फिरवणं म्हणजे काय, हे घाण्याच्या बैलालाच कळेल. काका म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

स्क्रू तीन निघाले. मग आल्या क्लिपा. या क्लिपांबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण माझ्या पुढच्या पाऊण तासावर त्यांचा ताबा होता. काळ्या प्लास्टिकचं नाण्याएवढं डोकं, त्याच्या मधोमध दुसरं छोटं डोकं. मधलं आधी उचलायचं. ते वर आलं की खालच्या पाकळ्या मिटतात आणि क्लिप अलगद निघते. मधलं न उचलता बाहेरचं ओढलं तर पाकळ्या आणखी ताणून बसतात. सोपं आहे. मात्र गाडी आठ वर्षांची असेल तर दोन डोक्यांमधल्या फटीत चिखल भरून, वाळून त्याची वीट झालेली असते आणि मधलं डोकं कुठे संपतं नि बाहेरचं कुठे सुरू होतं हे त्या क्लिपेलाही सांगता येत नाही. एकंदर पाच क्लिपा. पहिली टेस्टरने अलगद उचकटली. दुसरी जरा जोरात. तिसरी 'टक्' करून तुटली आणि तिचं डोकं सेक्रेटरींच्या चपलेवर जाऊन पडलं. चौथी आणि पाचवी मी पकडीने काढली. त्यात 'काढली' हा शब्द ज्या अर्थाने आलाय तो दंतवैद्यांना समजेल.

एव्हाना पहिल्या मजल्यावरचे सर फिरून परत आले होते. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, निदान असा त्यांच्या संस्थेचा समज आहे. तेवढ्यात काका मला म्हणाले, "आता काढतोच आहेस तर पिवळा बल्ब टाक. पिवळा धुकं कापतो."

"धुकं म्हणजे काय कांदा आहे, कापायला?" सर म्हणाले.

"अहो, सगळे ट्रकवाले लावतात. ते काय वेडे?"

सर खाली बसले. माझा डावा हात त्या वेळी कोपरापर्यंत अस्तराच्या आत होता आणि बाहेर निघत नव्हता, त्यामुळे वर्ग सोडून जाण्याची सोय मला नव्हती. सर म्हणाले, की आकाश निळं दिसतं त्याचं कारण हवेचे रेणू प्रकाशाच्या लहरीपेक्षा फारच बारीक असतात. त्यांच्यावरून निळा जास्त विखुरतो आणि लाल-पिवळा कमी. लोकांनी तोच नियम उचलून धुक्याला चिकटवला. पण धुक्याचा थेंब दहा-वीस मायक्रॉनचा आणि प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनची. एवढ्या धिप्पाड थेंबापुढे सगळे रंग सारखेच. "आणि म्हणून तर धुकं पांढरं दिसतं! पिवळा जास्त आरपार गेला असता तर ते निळसर नसतं का दिसलं?"

"मग फ्रान्समध्ये सगळ्या गाड्यांना पिवळे दिवे का होते?" काकांनी हुकमाचा पत्ता टाकला. काकांचा मुलगा युरोपात असतो.

"होते. १९३० च्या दशकात त्यांनी कायदा केला आणि १९९३ मध्ये सोडून दिला."

"म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षं फ्रेंच लोक वेडे होते?"

"पिवळा डोळ्यांना कमी खुपतो, एवढंच. काम होतं ते दिव्याच्या उंचीने आणि झोताच्या कडेने, रंगाने नाही."

इथून वाद हेडलाइटवर पूर्वी लावायच्या काळ्या टिकलीवर गेला, तिथून एकाहत्तरच्या ब्लॅकआउटवर आणि तिथून दोघांनी एकमेकांची अक्कल काढली. मी मध्ये एकदा म्हणालो, "सर, जरा टॉर्च धरता का?" सरांनी धरला. बोलताना ते हातवारे करतात, त्यामुळे पुढचा अर्धा तास उजेड कधी इंजिनवर, कधी छतावर, तर कधी काकांच्या डोळ्यांत.

आता दिवा धरून ठेवणारे स्क्रू. हाताला एक लागला. दिसत नव्हता, पण बोटांना जाणवत होता. फिरवला तर गोड फिरला. इतका गोड की मला आनंदच झाला. फिरवत राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो फिरतोय आणि निघत नाही. मला वाटलं, लांब असेल. काका म्हणाले, "जपानी स्क्रू असेल, लांबच असतात." बाराव्या मिनिटाला सरांच्या टॉर्चचा उजेड चुकून योग्य ठिकाणी पडला आणि दिसलं, की मी फिरवत होतो तो स्क्रू दिवा धरणारा नव्हताच. तो झोत वर-खाली करायचा होता. तो जन्मभर फिरवला तरी निघत नाही. दिवा धरणारे तीन स्क्रू वेगळेच होते, पुढून, जाळीच्या कडेला. साधे प्लसचे. म्हणजे दुकानदाराच्या भाषेत स्टार.

तेवढ्यात बायको खाली आली. एका हातात झाडू, कपाळावर जळमट. तिने पुठ्ठ्यावरचा मी, भोवतीची सभा, पाटावर मांडल्यासारख्या क्लिपा, सगळं बघितलं. "लोक दिवाळीत दिवे लावतात," ती म्हणाली, "आमच्याकडे काढताहेत." सभेला हे फार आवडलं. मग तिने पंधरा वर्षांपूर्वीचा एक विषय काढला, मी घरी दुरुस्त केलेल्या मिक्सरचा. तो इथे काढण्याचं कारण नाही.

शेवटचा अडथळा कपलरचा, म्हणजे बल्बला वायर जोडणाऱ्या खटक्याचा. एक छोटी जीभ दाबायची आणि ओढायचं. व्हिडिओत तिन्ही माणसं म्हणाली होती, 'हलक्या हाताने.' दाबलं तर ओढता येईना आणि ओढलं तर दाबता येईना; दोन्ही एकदम करायला हात दोन हवेत आणि आत जागा दीड हाताची. अखेर पेपरवाल्याने बाहीसुद्धा न दुमडता हात घातला. त्याचा हात सडपातळ होता. 'टिक्' असा आवाज आला आणि तो म्हणाला, "घ्या." मी दिवा ओढला. तो आला, आणि त्यातलं सगळं पाणी माझ्या गंजीवर आलं. सभेने टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "बरं झालं, महापालिकेचे डेंग्यूवाले यायच्या आत निघालं."

हातात घेतल्यावर दिवा अगदीच किरकोळ वाटला. आमटीच्या वाटीएवढा. बल्ब मात्र शाबूत होता; हॅलोजनच्या बल्बची कुपी स्वतंत्र बंद असते, तिला पाण्याचं काही वाटत नाही. त्या कुपीला बोट लावायचं नाही, हे मात्र खरं पथ्य. बोटाचं तेल काचेला लागलं की दिवा तापल्यावर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मी रुमालाने धरला. काकांनी तो माझ्याकडून घेऊन बोटांनी निरखून बघितला. मागच्या पट्ट्यांवर हिरवा कळंक चढला होता, तो पॉलिश पेपरने घासून काढला.

दिवा गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस वाळला. एका बाजूला धुतलेल्या गोधड्या, दुसऱ्या बाजूला कुणाचे तरी चकलीच्या भाजणीचे तांदूळ, मध्ये आमचा फॉग लाइट काच वर करून. मग चिरेवर सिलिकॉन भरलं. दिव्याच्या मागे एक बारीक नळी होती, तीही बुजवून टाकावी असं सेक्रेटरींचं मत पडलं, म्हणजे पाण्याला वाटच राहणार नाही. सर जिन्यातूनच ओरडले, "तो श्वास घ्यायचा मार्ग आहे!" दिवा तापला की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते आणि गार झाल्यावर परत आत येते. नळी बुजवली तर ती हवा दुसरीकडून वाट काढेल. सेक्रेटरींनी मतदान घेतलं नाही, हे नशीब.

बसवायला मंगळवारची संध्याकाळ गेली. पाच क्लिपांपैकी दोन उरल्या होत्या. नव्या आणल्या, दहाच्या पाकिटात, कारण पाच मिळत नाहीत. सगळं जागच्या जागी गेलं. खाली पुठ्ठ्यावर एक स्क्रू उरला. मी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. एकही भोक रिकामं दिसलं नाही. तरीही तो होता.

बॅटरी जोडली आणि रेडिओने चार आकडी कोड मागितला. आठ वर्षं जो रेडिओ मुकाट्याने विविध भारती लावायचा, त्याने माझी ओळख विचारली. कोडसाठी सर्व्हिस सेंटरला फोन केला. तोच तरुण. "बॅटरी का काढली होती, सर?" मी म्हणालो, "साफसफाई." तो "बरं" म्हणाला, पण त्या 'बरं'मध्ये पंधराशे रुपये वाचवलेल्या माणसाबद्दलची पूर्ण माहिती होती.

रात्री दिवे लावून बघितले. उजवा रस्त्यावर पडला. डावा रस्त्यावर नव्हता. कंपाउंडवर नव्हता. बघता बघता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकांचा आवाज आला, "अरे, कोण आहे? डोळ्यांवर काय मारतोयस?" तो गोड स्क्रू मी बारा मिनिटं फिरवला होता. काकांची आख्खी गॅलरी उजळून निघाली होती, झोताची वरची कड त्यांच्या पंच्यावर सुरीने कापल्यासारखी स्पष्ट.

मग झोत खाली आणायचं काम सरांच्या देखरेखीखाली झालं. भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडायची आणि झोताची वरची कड त्या खुणेच्या चार इंच खाली आणायची. सरांनी टेपने मोजलं, सेक्रेटरींनी खडू धरला, काका वरून 'अजून खाली, अजून खाली' म्हणत राहिले. पंचवीस फूट सपाट जागा मोकळी करायला तीन स्कूटर आणि एक रिक्षा काढावी लागली. रिक्षावाला झोपला होता, त्याची समजूत काढावी लागली. कंपाउंडच्या भिंतीवरची ती खडूची रेघ अजून आहे. लहान मुलं तिचा क्रिकेटचा स्टंप म्हणून उपयोग करतात.

हिशेब लावला: टॉर्क्सचा संच तीनशे ऐंशी, क्लिपांचं पाकीट, सिलिकॉन, पॉलिश पेपर, गंजी एक, पेपरवाल्याला आणि सभेला दोनदा चहा. मिळून साधारण नऊशे. सर्व्हिस सेंटरचे सत्तावीसशे. वाचलेले अठराशे कुठे गेले ते मला सापडलेलं नाही, पण बायकोच्या अंगावर दिवाळीला नवी साडी होती.

भाऊबीजेला ठाण्याला गेलो. समृद्धीने गेलो. बोगद्यात मी मुद्दाम फॉग लाइट लावले. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे धुकं नाहीये." मी म्हणालो, "माहितीये. बघू दे." दोन्ही झोत रस्त्यावर सरळ आणि सारखे पडले होते. आठ किलोमीटर मी ते बंद केले नाहीत.

काल वॉचमनने पुन्हा हाक मारली. या वेळी तो उजव्या कोपऱ्यापाशी वाकला होता. आत अजून फक्त बाष्प आहे, पाणी नाही. तो दिवा काढावा लागलाच तर एक स्क्रू माझ्याकडे जास्तीचा आहे, आणि क्लिपा सात.

माळा अजून काढायचा राहिलाय.